मोटर लावलेले गणितयंत्र आणि हेमचंद्रचा मंगळ

अमरावती, ता. ११ डिसेंबर १९५८

रा. रा. कमलाकांतराव वकीलसाहेब यांसी मेहुणे मोरोपंत यांचा नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे आज दुपारपासून ठीक आहे. अकोल्याच्या थंडीत तुमचा गुडघा कुरकुरत नसेल अशी आशा करतो (कुरकुरत असला तरी हे पत्र पुरे वाचूनच शेकायला घ्या).

माझे आकडेमोडीचे यंत्र तुम्हांला आठवत असेल. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या लिलावात घेतलेले, दांडा फिरवला की गुणाकार-भागाकार करणारे. पंचवीस वर्षांचे जुने, पण शब्दाचे पक्के. एका पत्रिकेला मात्र दांडा इतका फिरवावा लागे की तुमच्या भगिनी रमा म्हणत, त्यापेक्षा जात्यावर बसा, पीठ तरी मिळेल. म्हणून मी त्याला शिलाई मशीनची विजेची मोटर बसवली. (मशीन रमाचेच होते. त्याविषयी आमचे वेगळे बोलणे झालेले आहे.) काय सांगू, जिथे पाऊण तास लागे तिथे चार मिनिटे! खडखडाट एवढा की शेजारचे गोवर्धनपंत अर्धी दाढी करून बाहेर आले.

आता अशा यंत्रावर पहिली पत्रिका कोणाची मांडावी? तुम्ही आमच्या प्रमोदिनीसाठी सुचवलेल्या हेमचंद्रची. आणि निघाला काय, तर मंगळ अष्टमात. मी तिचा बाप आहे आणि ज्योतिषीही आहे. दोघांनीही कपाळाला हात लावला. पोरगी उठून भांडी घासायला गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. मला फार वाईट वाटले, पण आकड्यापुढे बापाचे काय चालणार? (त्याच दिवशी, म्हणजे सोमवारी, मी आणखी एक गोष्ट केली. ती शेवटी सांगतो.) तेव्हापासून रमा माझ्याशी बोललेली नाही. भाजीत मीठ आहे की नाही त्यावरून तिचा राग ओळखायचा.

आज सकाळी पंचांगासाठी उद्याचा सूर्योदय काढला. तो आला सव्वाअकराला. मी दोन चहा घेऊन उन्हात बसलेलो, त्यामुळे मला जरा शंका आली. यंत्र उचलून तडक अन्सारमियांकडे नेले. ते शिलाई मशिनी दुरुस्त करतात. त्यांनी झाकण काढले, दांडा आधी हळू फिरवला, मग मोटरवर पळवला, आणि म्हणाले, "पंडितजी, चाकं पळून राहिले, पण हातचा देणारी खुंटी मागंच राहून राहिली. तिले दम तर घेऊ द्या. तुमाले एवढी घाई काहून?"

तिथेच मोटर काढली आणि दांडा हाताने फिरवून पत्रिका पुन्हा मांडली. लग्नरास एका घराने सरकली होती. मंगळ नवमात आहे, काहीएक दोष नाही. मी अन्सारमियांना मिठी मारली. त्यांच्या हाताला ग्रीस होते, सदरा गेला, पण आज मला सदऱ्याचे काही वाटत नाही. मोटर रमाच्या मशीनला परत लावून दिली आणि दुपारच्या भाजीत मीठ होते.

आपला,
मोरोपंत

ता. क. : ती सोमवारची गोष्ट. मुलाच्या वडिलांना, महादेवरावांना, मी नकाराचे पत्र लिहून पोस्टात टाकायला दिले होते. ओळखीतले नत्थुजी आज मोटारीने अकोल्याला येत आहेत, त्यांच्या हातीच हे पत्र देतो. वाचताच महादेवरावांकडे धावा, गुडघ्याचे मग पाहू. वाटल्यास मी वेडा झालो आहे असे सांगा. रमा साक्ष देईल.

ता. क. दुसरा : धावू नका, चालत गेलात तरी चालेल. पत्र पोस्टात टाकायला प्रमोदिनीकडेच दिले होते, आणि तिने ते टाकलेच नाही. का, म्हणून विचारले तर खाली बघून म्हणाली, "बाबा, मी आधी पत्रिका हातानं मांडून पाहिली. दोनदा." आणि कागद पुढे केला. सगळे गणित बरोबर होते. मी रागवायच्या बेतात कागद उलटला, तर मागच्या बाजूला लग्नाचे तीन मुहूर्त काढलेले. पहिला फाल्गुनातला आहे. होकार आजच कळवा.