बाटलीतला बुडबुडा

मंगळवार, रात्र. उधना.

कडोदऱ्याच्या खाडीच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. प्रयोगशाळेत पुन्हा मोजला, आकडा तोच. त्या पाण्यात सोडलेले मासे दुपारपर्यंत वर येऊन तोंड उघडमीट करू लागले. नमुन्यात चूक नाही. बाटलीत बुडबुडा राहिला तर आकडा वाढतो, म्हणून झाकण लावल्यावर मी ती उलटी करून बघते. बुडबुडा नव्हता.

जेवताना आप्पांना सांगायला नको होतं. त्याच खाडीत पाणी सोडणाऱ्या डाइंग मिलमध्ये ते रंगखात्यात आहेत. त्यांच्या हातातला घास थांबला.

"पोरी, मिल बंद पडनी ते आम्ही कोठे जाऊत?" मग हसून, "तुना मासास्ले सांग, जरासा दम धरा."

मला हसू आलं नाही.

उद्या शेवटचा नमुना. एक बुडबुडा राहू दिला तर? कुणाला कळणार? प्रयोगशाळेतल्या मॅडम तर आज सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिने आणलेला नमुना मी तपासत नाही." इतका विश्वास एरवी आवडला असता.

आत्ता आप्पांनी बाहेरून विचारलं, "सकायले खाडीवर जानं शे ना? कितला वाजता उठाडू?"

नेहमीच्याच वेळी, मी म्हणाले.