खालच्या दोन पायऱ्या

२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही 'पडली आणि गेली, अजून काय सांगू' एवढंच म्हणता आणि ठेवून देता. म्हणून लिहिते आहे. मला ठाऊक आहे ते असं:

१. ९ सप्टेंबरला तुमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तुमचा डावा आणि आईचे दोन्ही डोळे नंतर करायचं ठरलं.
२. २६ सप्टेंबरला सकाळी तुम्ही जिन्याच्या अकराही पायऱ्यांच्या कडांवरच्या पिवळ्या चिकटपट्ट्या काढल्या. त्या मी लावल्या होत्या. त्यांच्या जागी तुम्ही वरून खाली पिवळे पट्टे रंगवले. नऊ झाल्यावर डबा संपला.
३. संध्याकाळी साडेपाचला आई खालच्या दोन पायऱ्यांवर पडली. खुबा मोडला.
४. ती त्या वेळी खाली का येत होती, ठाऊक नाही.
५. १४ ऑक्टोबरला न्यूमोनियाने गेली.

चौथा मुद्दा तुम्हीच भरू शकता.

शेजारच्या काकू सांगत होत्या की तुम्ही अजून जुनाच चष्मा लावता आणि चहा कपात कमी, बशीत जास्त ओतता. डाव्या डोळ्यासाठी मिळालेली २४ नोव्हेंबरची तारीखही नको म्हणालात. कारण कळवावं.

तुमची मुलगी

९ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र कसलं, पंचनामाच धाडलास. लहानपणी माझ्या पाट्यांना फूटपट्टी लावून हा काना झुकला, ती वेलांटी फुगली म्हणायचीस. तेव्हाच तुझी आई म्हणाली होती, ही कुणाला सोडायची नाही. आता मापं तपासायची नोकरी करतेस. पगार मिळतो, एवढाच फरक.

चौथा मुद्दा लिहून घे. मी हाक मारली.

चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि शेवटी शेवटी पिवळा कुठला नि मातकट कुठला, हे डब्यावरचं नाव वाचून कळायचं. डोळा उघडला आणि सगळं घर धुऊन वाळत घातल्यासारखं दिसलं. त्यात दिसल्या तुझ्या पट्ट्या. वाकड्या, कडा उचकटलेल्या. पेंटरच्या घरात असलं काम. तुझी आई म्हणाली, राहू देत, पोरीनं लावल्यात. मी कधी कुणाचं ऐकलंय?

नऊ पट्टे दोरी लावल्यासारखे आले. वाळल्यावर मी खालून ओरडलो की ये, बघ तरी, हात गेला नाही अजून माझा. ती हसत हसत उतरत होती. म्हणाली, मला कुठलं दिसायला सरळ नि वाकडं, पण तुम्ही म्हणता तर छानच असतील. मी हातभर अंतरावर उभा होतो. हात पुढे केला असता तर सावरली असती. मी पट्टे बघत होतो गं. तिचे पाय नाही.

दोघांत पहिला नंबर तिनंच मला दिला. तिची पाळी आलीच नाही, आणि मी दुसरा डोळा करून घेऊ? एक पुरे. चहा सांडला तरी माझ्याच बशीत सांडतो, असं काकूंना कळव.

खालच्या दोन पायऱ्या तशाच आहेत. ब्रश हातात धरवत नाही.

रागाला उतार पडला की थोडी माया असू दे.

बाबा

१३ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चौथा मुद्दा भरला. यादीतला एक मुद्दा मी गाळला होता. तो दुसऱ्याच्या आधी यायला हवा होता.

आई तो जिना मोजत उतरायची. अकरा. ओठ हलायचे तिचे, आणि तुम्ही चिडवायचात की जिना काय पळून चाललाय. गेल्या वर्षी पट्ट्या लावल्यावर मी तिला सांगितलं, आता मोजू नकोस, मध्येच कुणी बोललं की चुकशील. पिवळं संपलं की जमीन आली, असं समज. ती म्हणाली, बरं झालं, डोक्याचं एक काम कमी केलंस. मला बरं वाटलं होतं.

त्या दिवशी नवव्या पायरीला पिवळं संपलं. बाबा, तिनं मी सांगितलं तसंच केलं.

आमच्याकडे नवं माप आलं तरी जुनं लगेच काढत नाहीत. काही महिने दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघतात. नव्या मुलांना हे मीच शिकवते. आईचं मोजणं मी एका दुपारी बंद केलं.

तुम्ही हाक मारलीत हे खरं. पण नुसत्या हाकेनं ती पडली नसती. सगळं एकट्याच्या अंगावर घेऊ नका, माझा वाटा माझ्याकडे द्या.

एक डोळा स्वच्छ आणि एक धूसर असला की अंतराचा अंदाज चुकतो. जुन्या चष्म्याची उजवी काच तर आता तुमच्या डोळ्याची राहिलीच नाही. काल काकूंनी सांगितलं की तुम्ही जिना बसत बसत उतरता. त्या जिन्याची दुसरी यादी मला लिहायची नाही.

मी २२ तारखेला रंगाचा डबा घेऊन येते. उरलेले दोन पट्टे तुम्ही ओढा, फूटपट्टी मी धरते. वाकडे आले तर सांगणार.

आईच्या वाटची मायाही आता तुमच्याकडेच मागते.

मोजपट्टी

ता. क. २४ तारखेची वेळ दवाखाना १९ पर्यंत राखून ठेवणार आहे. हो किंवा नाही, एका शब्दात चालेल, पण १९ नोव्हेंबरच्या आत कळवावं.