मडगार्डवरची जागा

कागल,
३० सप्टेंबर २००४

ती. सौ. राजमतीअक्कास,
अभिनंदनचा साष्टांग नमस्कार आणि जय जिनेंद्र.

पर्युषण पर्व नीट पार पडलं. आदितीच्या आईनं पाच उपवास केले. मी दोन केले आणि ते दोन्ही दिवस गावभर सांगत फिरलो. दाजींचा गुडघा आता कसा आहे? तेल संपलं असेल तर कळव, इथल्या वैद्याकडून पाठवतो.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. आमचा फोन पुढच्या सोप्यात आहे, आणि सोप्यात एक शब्द बोलला की चार घरं हुंकार देतात.

ट्रॅक्टरचं काय ठरलं, हे तू मागं विचारलं होतंस. बैल गेल्यापासून घराभोवतीची जमीन आमची परीक्षा बघतेय. वरच्या अंगाला तीन पट्टे, खालच्या अंगाला तीन, मधे माती अडवणाऱ्या दगडी ताली. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर वर वळत नाही, आणि वळवलाच तर तालीचे दगड घेऊन खाली येतो. म्हणून छोटाच घ्यायचा. दोन बघितले. एक अरुंद आणि हलका आहे, पण उतारावर आडवा चालला की त्याचं वरचं चाक उचलल्यासारखं होतं. दुसरा जरा जड. त्याची चाकं बाहेर सरकवून बसवता येतात, चारही चाकांना ओढ आहे, टायरात पाणी भरलं की आणखी घट्ट बसतो. आदितीनं दोन्हींची माहितीपत्रकं पाठ केलीत. बी.एस्सी.चा अभ्यास एवढा केला असता तर पहिली आली असती. "अप्पा, रंग बघू नका, बूड बघा," असं मला बजावते.

कंपनीचा माणूस सयाजी पंधरा दिवसांपूर्वी जड ट्रॅक्टर दाखवायला घेऊन आला. त्या दिवशी काय झालं ते आदितीच्या आईनं तुला फोनवर सांगितलंच आहे. दाजींनी माझ्यासाठी 'शाबास' असा निरोपही दिला. तो निरोप पोचला.

त्याबद्दलच लिहायला बसलोय, आणि दोन पानं फाडून झालीत.

उडदाचं रान मोकळं होतं. सयाजीनं दोन फेऱ्या मारून दाखवल्या, मग मला बसवलं आणि तो खाली विहिरीपाशी जाऊन उभा राहिला. आदिती मडगार्डवर बसली. वर चढताना सगळं झकास. उतरताना मात्र माझ्या पायानं घात केला. तुला माझी सवय माहीत आहे. उतार लागला की स्कूटर न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचवायचं. दाजी त्यावरून मला चिक्कू म्हणतात. त्याच सवयीनं मी क्लच दाबला.

ट्रॅक्टरला उतारावर इंजिनच आवरून धरत असतं. क्लच दाबला आणि तो दावं तुटल्यासारखा सुटला. मी आणखी जोरात दाबला, कारण घाबरलेल्या माणसाचा पाय असेल तिथंच रुततो. समोर ताल, तालीखाली दीड पुरुष खोल पट्टा. मी उडी मारली. माझा पाय निघाल्यामुळं क्लच सुटला, इंजिननं चाकं आवळली आणि वेग मोडला. आदितीनं मडगार्डवरूनच स्टिअरिंग धरून ट्रॅक्टर मातीच्या ढिगात घातला. ढीग तालीपासून चार हातांवर होता.

सयाजी धावत आला आणि म्हणाला, "पावणं, डोकं चाललं तुमचं! क्लच सोडून उडी मारलीसा म्हणून वाचली की पोरगी. दुसरा असता तर दाबूनच बसला असता."

तीच गोष्ट गावभर झाली. बस्तीत दर्शनाला आलेल्या लोकांनी पाठ थोपटली. आदितीच्या आईनं माझ्यावरून मीठमोहरी उतरली. मी ती उतरून घेतली, अक्का. मान खाली घालून, नम्र माणसासारखी.

मला क्लचबिच काही सुचलं नव्हतं. मी जीव वाचवायला उडी मारली. आणि हेही लिहितो: उडी मारायच्या आधी मी तिच्याकडं बघितलं होतं. ती माझ्या डाव्या खांद्यापाशी होती, हात केला असता तर लागली असती. तिनंही माझ्याकडं बघितलं. मग मी गेलो.

तेव्हापासून तिचा आवाज घरात कुठूनही आला की मी उठून परसात जातो. कुणी विचारलं की ती म्हणायची, "अप्पांनीच वाचवलं की." आणि मी दुसरीकडं बघायचो.

काल क्षमावाणी होती. बस्तीत सगळे एकमेकांपुढं हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागत होते. मनात आलं, चला, वाट सापडली. रांगेत मी तिच्याही समोर गेलो. "मनानं, वाचेनं, कायेनं, कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा." तीही हात जोडून म्हणाली, "उत्तम क्षमा." मला केवढं हलकं वाटलं! पुढच्या माणसाकडं वळलोसुद्धा.

घरी येताना ती माझ्या मागं स्कूटरवर होती. चढ संपला तशी म्हणाली, "अप्पा, मला जे म्हटलंसा, तेच पिठाच्या गिरणीवाल्यालाबी म्हटलंसा."

मी गाडी बाजूला घेतली. रस्त्यावर शेतमजुरांच्या खोपी होत्या, लोक बघत होते, ते बघू देत म्हटलं. तिला सांगितलं, "मी तुझ्याकडं बघितलं आणि तुला सोडून उडी मारली. क्लचचं मला काही ठाऊक नव्हतं."

"व्हय," ती म्हणाली. "मला तवाच कळलंय."

मग ती रडली. मीही रडलो, एकोणपन्नास वर्षांचा बाप्या, रस्त्याच्या कडेला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

सोमवारी सयाजी तोच ट्रॅक्टर पुन्हा आणतोय. त्यानंतर हो किंवा नाही सांगायचं आहे. आदिती चार दिवस सपाट माळावर त्याच्याकडून शिकली, हात चांगला बसलाय. त्याच पट्ट्यातून, त्याच उतारानं ती चालवणार. मी नको म्हणालो. सयाजीला एकट्याला चालवू दे, आपण बांधावर उभं राहू, असं शंभर वेळा म्हणालो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी चालवते. तुम्ही मडगार्डवर बसा. खरं, उडी मारायची न्हाय."

अक्का, मी बसतो म्हणालोय. ट्रॅक्टरची भीती आहेच, ताल दिसते डोळ्यापुढं. पण त्याहून मोठी भीती माझ्या पायांची आहे. ते आधी हलतात, मग मला कळतं. परत तसंच झालं तर ती पुन्हा कधी माझ्या मागं स्कूटरवर बसणार नाही, आणि मला बस म्हणायचं तोंड राहणार नाही.

तुझ्याकडं एकच मागणं. हे पत्र मिळाल्यावर फोन करून "अभ्या, जाऊ नको" असं म्हणू नकोस. तू म्हणालीस तर मला निमित्त मिळेल, आणि मी ते घेईन. मला माझी ओळख आहे.

दाजींना त्यांचा 'शाबास' परत दिलाय म्हणून सांग.

सोमवारी सकाळी नऊला मडगार्डवर बसणारा,
तुझा भाऊ
अभिनंदन