तो खेकसत नाही

१० नोव्हेंबर, सोमवार

आठ मुलं, आठ निबंध, आणि आठही घरांपुढे तुळशी वृंदावन! विषय ‘आमचे घर’. मागे हिरवीगार शेतं, झोपाळ्यावर आजोबा. मरियमच्या घरामागे मिरकरवाडा बंदर आहे. तिथे कसली शेतं — बांगड्यांची?

एआयला सांगून लिहून घेतलेत. मनस्वी म्हणाली, “पण बाळादादा, कॉपी नाही केली. प्रत्येकाने आपापल्या आईच्या फोनवरून काढलाय.” सातवीतली पोर. वकील होणार.

सानिकाने यासाठीच मला तिच्या शिकवणीच्या क्लासला बोलावलंय. खडूचे हात कुडत्याला पुसत म्हणाली, मुलांना ते नीट वापरायला शिकव, तुला जमेल. मला! सरांशी भांडून दुसऱ्या वर्षात इंजिनिअरिंग सोडलेल्याला! पण ती म्हणाली असती तर भगवती किल्ल्यावरून उडीसुद्धा जमवली असती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नियम केले. आधी वहीत स्वतः सोडवायचं, चुकलं तरी. मग एआयला सांगायचं — उत्तर देऊ नकोस, कुठे चुकलं ते मला प्रश्न विचारून दाखव. तो काहीही ठोकून देतो, म्हणून ते पुस्तकात पडताळून बघायचं. आपलं नाव, पत्ता, फोटो त्याला द्यायचा नाही.

मनस्वीने विचारलं, तो चुकला तर त्याला अंगठे कोण धरायला लावणार? सानिका हसली. मनस्वीला हसली, पण मी ते माझ्या नावावर करून घेतलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालदिन. मुलांवर ओरडलो.

मरियम सहावीत. दिवसभरात दोन शब्द बोलली तरी खूप. आज अपूर्णांकांची सगळी गणितं बरोबर, एक खाडाखोड नाही. तिच्याकडचा फोन बघितला. शेवटी लिहिलं होतं — ‘उत्तरं दे.’ झालं! डोकं घरी ठेवून येतेस का, नियम काय गंमत म्हणून केले — बरंच बोललो. वही आपटली. ती रडली नाही. दप्तर भरायला लागली. रडली असती तर बरं झालं असतं.

सानिकाने मला बाहेर व्हरांड्यात नेलं. एकट्याला नेलं म्हणून आत गुदगुल्या — काय मूर्ख मन आहे! ती म्हणाली, “पुन्हा आवाज चढला तर येऊ नकोस.”

१५ नोव्हेंबर, शनिवार

आई म्हणते, “मेल्या, कॉलेजातनं पण असाच खेकसून आलास.” जेवलो नाही. मग वडे तळले तिने. जेवलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मरियम आली! मी खाली तिच्या शेजारी बसलो. चुकलो म्हटलं. मग विचारलं, का उतरवलंस? ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. मग एकदम म्हणाली,

“छेद सारखे का करायचे तेच कळत नाही. शाळेत विचारलं तर हसतात. तू खेकसतोस. त्याला कितीदा पण विचारलं तरी तो खेकसत नाही.”

मग त्यालाच समजावून सांगायला का नाही सांगितलंस?

“सांगितलं होतं. वर बघ.”

वर सरकवून बघितलं. ‘कळलं नाही.’ ‘परत सांग.’ ‘अजून नाही कळलं.’ आणि तो आपला दर वेळी पिझ्झा कापतोय! शेवटी पोर कंटाळली. मी तेवढंच शेवटचं वाचलं. मुलांना सांगतो पडताळून बघा, आणि स्वतः एक बोट वर सरकवलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पिझ्झा रद्द. सुरमई घेतली — फळ्यावर. अर्धी मामाला, तिसरा हिस्सा शेजारी. दोन्ही मिळून किती गेली? तुकडे एका मापाचे केल्याशिवाय मोजणार कशी? सहा तुकडे कर. तीन आणि दोन. पाच गेले.

“डोकं कोणाला?” मरियमचा प्रश्न. जीभ चावली. डोकं धरायचं नाही म्हटलं. मग म्हणाली, तुकडे सहाच का? सांगितलं. तिने परत विचारलं. परत सांगितलं. पुन्हा. कानशिलं तापली, पण आवाज खाली. मग तिचे डोळे एकदम मोठे झाले. फोन घेऊन एआयला लिहिलं — पिझ्झा नको, सुरमई काप, उत्तर देऊ नको. त्याने घातलेलं गणित तिने वहीत सोडवलं. खाडाखोडीसकट!

नवा नियम, फक्त मला: कितीदाही विचारू दे.

सानिका दारात उभी होती. तिची घरी जायची वेळ झाली होती. पण उभी होती!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सानिकाला सांगून टाकायचं. एआयला म्हटलं, चार ओळी दे. म्हणे, तुझ्या डोळ्यांत अथांग सागर! जन्म समुद्राकाठी गेलाय तिचा, नाक मुरडेल. पुसलं. आधी स्वतः लिहायचं, नियम माझाच. लिहिलं. ते त्याहून भिकार. सोमवारी तोंडानेच सांगतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सानिकाला चिपळूणच्या शाळेत नोकरी लागली. मावशीकडे राहणार. म्हणाली, क्लास आता तू चालव, तुझ्यावर सोडून जाता येईल. माझं सांगायचं राहिलं.

मरियमने विचारलं, “दादा, ताई जाणार म्हणून तुला वाईट वाटतंय?” नाही म्हटलं. तिने परत विचारलं. नाही म्हटलं. तिने परत विचारलं.

हो म्हटलं. हळू आवाजात.