तुमच्या गुडघ्याएवढं पाणी

आप्पा, आज पुन्हा नदीवर जाऊन आलो. उथळाखालच्या डोहात, तुम्ही जाळं धुवायचा तिथं, तीन खडशी मासे दिसले. तीनच. पोटं अंड्यांनी तटतटलेली आणि वर चढायला पाणी नाही. दुष्काळानंतर वरच्या अंगाला बंधारा झाला, पावसाचं पहिलं पाणी तिथंच अडतं. मला घरात बसवत नाही. सून म्हणते, "मामा, माशांचा एवढा घोर कुणी लावून घेतं व्हय?"

उन्हाळ्यात मत्स्य खात्याचे एक साहेब आले होते. ही जात संपत चाललीय, ती चढायला उथळावर किती पाणी लागतं ते ठरवून बंधाऱ्यातून तेवढं सोडायला लावायचं, असं त्यांचं काम. जुनी नोंद कुठंच नव्हती. मी तुमचा मुलगा म्हणून गावानं मला पुढं केलं. मी सांगितलं, "आमचे आप्पा म्हणायचे, उथळावर गुडघ्याला पाणी लागलं की खडशी निघते." साहेब म्हणाले, "उभे राहून दाखवा." मी राहिलो. त्यांनी माझ्या पायाला फीत लावली आणि वहीत लिहिलं.

तुमचं ते बोलणं मी बोलणी खाऊन शिकलो होतो. सोलापूरच्या गिरणीत लागण्याआधीचा पावसाळा. तुम्ही उथळात उभे, पाणी चढतंय, आणि मी जाळं उचलतो. तुम्ही ओरडता, "ठेव ते! गुडघ्याला पाणी लागलं, निगाली ती. तुजी बायकू बाळंतपणाला म्हायेरी गेली, तिच्या वाटंत कुणी जाळं टाकलं तर चालंल का रं?" मी जाळं खाली ठेवलं.

परवा साहेब परत आले. उन्हानं रापलेले, हिरमुसलेले. म्हणाले, "बाबा, एवढं पाणी सोडायला बंधाऱ्यावरचे लोक तयार नाहीत. चार बोटं कमी असतं तर मी भांडून मिळवलं असतं."

चार बोटं. आप्पा, गिरणीतून पहिल्यांदा घरी आलो तेव्हा मी तुमच्यासाठी लेंगा आणला होता, माझ्याच मापानं शिवलेला. तो घालून तुम्ही चुलीपुढं येता आणि अडखळता. "आरं, ह्यात तुजा बाप बुडंल की!" आई हसून हसून खोकायला लागते. मग तिनं खालून वीतभर कापड दुमडून टीप घातली. पायात वीतभर फरक, म्हणजे तुमचा गुडघा माझ्याहून चार बोटं तरी खाली.

साहेबांना कळवायला हवं. पोस्टकार्ड आणून ठेवलंय, दोन ओळी पुरेत. ते कोरंच आहे आणि मी हे लिहीत बसलोय, जे कुठल्या पेटीत टाकायचं नाही. खरं सांगतो, हे मला परवा सुचलेलं नाही. साहेबांनी फीत लावली तेव्हाच मला तो लेंगा आठवला होता. पण चौथी नापास माणसाचं बोलणं पहिल्यांदाच कुणी लिहून घेत होतं, सगळा गाव काठावरून बघत होता. मी तसाच ताठ उभा राहिलो.