मरळीची पिल्लं अन् आमचं इंजन

५ मे ८६, सोमवार
आजही इंजन बंद नाही केलं. दहा वेळा सांगतलं. घरचाच माणूस ऐकत नाही, मालकाले काय बोलू! सुमीचे बाबा मालकाच्या संत्र्याच्या बगीच्यात इंजनवर आहेत. जाम नदी आटली, हा एकच डोह उरला, अन् त्यातूनच पाणी ओढून राहिले. साऱ्या नदीच्या मरळी मासोळ्या तिथंच दडल्या. त्या गेल्या तं पावसाळ्यात पिल्लं काय आभाळातून पडतील? मी पांढुर्ण्याच्या बाजारात काय विकू, गोटे?

७ मे
पाणी कमरेइतकं. लव्हाळ्यात मरळीची पिल्लं. औंदा लवकर. कुंकू सांडल्यावानी लाल झुंड. खाली नर-मादी दोघंही राखणीले. बोट घातलं तं नर धावून आला. म्हटलं शाबास रे बापा, आमच्या घरच्याले शिकव थोडं.

९ मे
भांडण. सुमीचे बाबा म्हणतात, "मरळ चिखलातबी जगते. कायले बोंबलते?"
"मोठी जगते, वर येऊन हवा घेते. एवढ्याशा पिल्लाले येते का ते?"
"मंग ने तुझ्या पाण्याच्या गुंडात भरून." हसले वरून. नदीवर वाढलेला माणूस!

१२ मे
गुडघ्याइतकं. तिगावचे लोक टोपल्या घेऊन उतरले. बाकी मासे चिखलात घुसले. मरळ पिल्लं सोडून हालत नाही, म्हणून मादी पहिले टोपलीत गेली. मले काही सुचलं नाही. पिल्लं गुंडात भरली, खालच्या डबक्यात सोडली.

१३ मे
एकबी पिल्लू नाही. बेडकांनी खाल्ली. राखणीशिवाय पिल्लं सोडली, मले समजत नव्हतं का? समजत होतं. मीच मारली. नर अजून त्या लव्हाळ्यापाशीच फिरून राहिला, काही नाही तिथं. इंजन चालू. पाहवलं नाही, आली निघून.

१४ मे, बुधवार
मालकाकडे गेली. अजून आठ-दहा मरळी आहेत डोहात, तेवढ्यांपुरतं पाणी राहू द्या म्हटलं, पाऊस लागेस्तोवर.
"झाडं वाळली तं तू देशील का पाणी? पूर आला की येतील मासे."
"पूर पाणी आणते मालक. मासे इथं वाचले तरच चढतात."
"पाहू."
पाहू म्हणजे काय?
घरी येऊन सुमीच्या बाबाले सांगतलं. मालक राहू द्या, हँडल तुमच्या हातात आहे. शुक्रवारी सकाळी बगीच्यात जायच्या आधी मले सांगा, इंजन चालवता का नाही. हो म्हणा का नाही म्हणा. पाहू म्हणायचं नाही. शुक्रवारी.