आईनं बांधलेला गुडघा

डॉक्टरसाहेब,

पेशंट ऐकत नाहीत, ही तुम्हा सगळ्या डॉक्टरांची तक्रार. माझ्या आईनं ऐकलं. माझ्या बहिणीच्या, राजाबाईच्या, गुडघ्यातल्या खड्ड्यात तुम्ही कूर्चेचा, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराचा, तुकडा बसवलात आणि "भार देऊ नका" एवढंच बोललात. आम्ही गंगापूरकडचे मेंढपाळ. कोकराचा मोडका पाय बांधतात, तसा आईनं बांबूच्या कामट्या लावून, लोकर गुंडाळून तिचा गुडघा जखडून ठेवला.

तुकडा जुळला नाही. तुम्ही भरल्या वॉर्डात आईला अडाणी म्हणालात. ती एवढंच म्हणाली, "म्या तर हलूबी दिला नाय, सायेब." माझ्या हातात इंग्रजी पेपर दिसला, म्हणून मला मात्र तुम्ही बाजूला घेऊन समजावलंत, की कूर्चेला रक्त पोचत नाही, भार न देता गुडघा रोज हळूहळू वाकवला, तरच ती पोसते आणि जुळते.

सभा गाजवणारा मी, तिथं गप्प बसलो. हे पत्रही खिशातच राहील, कारण दुसरं ऑपरेशन तुम्हीच करणार आहात. आई आता राजाबाईच्या पायाला हात लावायला भिते.

ऑपरेशनआधी आईला आत बोलवा. गुडघा का वाकवायचा ते सांगा, आणि तिच्याच हातानं एकदा वाकवून घ्या.

राजाबाईचा भाऊ,
केरबा
मुकुंदवाडी